आजारलेले झुडूप: ठेवावे की काढावे?

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने आदेश काढला, की पिण्याचे पाणी बागेला, गाड्या धुवायला किंवा बांधकामाला वापरणाऱ्याला ५,००० रुपये दंड होईल. शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे राज्य सरकारच तेव्हा सांगत होते. पूर्वेकडचा के. आर. पुरम ते महादेवपुरा हा पट्टा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. टँकरच्या पाण्यात आधी स्वयंपाक, मग अंघोळी, मग धुणीभांडी आणि उरलेच तर कुंड्या, असा क्रम घरोघर लागला. उन्हाळा सरला तेव्हा कुंपणाकडेच्या जास्वंदीच्या काड्या झाल्या होत्या, एक्झोरा पिवळा पडला होता, मोगऱ्याच्या बुंध्याशी दोनचार पाने उरली होती. यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे, हा प्रश्न त्या वर्षी हजारो अंगणांत आणि गच्च्यांवर उभा राहिला.

त्या उन्हाळ्यापुरताच हा प्रश्न नाही. जिथे चार झुडपे आहेत तिथे दर एकदोन वर्षांनी तो येतोच. त्याचे उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी झाडाच्या रूपावरून दिले जाते. झुडूप वाईट दिसते, माळी म्हणतो काढून टाकू, लालबागेजवळच्या सिद्दापुरातल्या रोपवाटिकांत काही शे रुपयांत नवे रोप मिळते, आणि तासाभरात जुने झुडूप कचऱ्याच्या गाडीत जाते. याच्या उलट टोकाला, घरातल्या ज्येष्ठांनी सांगलीहून किंवा बेळगावहून आणलेला मोगरा असतो. त्याला काहीही झाले तरी हात लावायचा नाही, असे ठरलेले असते. या दोन्ही रीतींनी नुकसान होते. ज्या झुडपांना एक हंगाम दिला असता तर ती सावरली असती, ती उपटली जातात. ज्यांच्या मुळांत किंवा रसात रोग बसलेला आहे, ती मायेपोटी जपली जातात आणि शेजारच्या चार झाडांना घेऊन जातात. निवाडा करायचा तर दुखणे झाडाचे आहे की जागेचे, हे आधी शोधावे लागते.

सुरुवात अगदी साध्या तपासणीने होते. फांदीच्या टोकाकडची साल नखाने हलकी खरवडायची. आत ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर थोडे खाली सरकून पुन्हा खरवडायचे. असे करत बुंध्यापर्यंत यायचे. अनेकदा वरचा हातभर भाग मेलेला असतो आणि खाली हिरवे असते, म्हणजे झुडपाने स्वतःच वरचा पसारा सोडून खालचा जीव राखलेला असतो. बुंध्याशीही हिरवे नसेल तर लगेच निकाल देऊ नये. जास्वंद, तगर, कडीपत्ता, मोगरा यांना जमिनीलगतच्या बुंध्यातून किंवा मुळांतून पुन्हा फुटवा येऊ शकतो. कडीपत्ता तर वरचा सगळा गेल्यावरही मुळांवरून नवी रोपे काढतो. बंगळुरूत एप्रिल-मेमध्येच वळवाच्या सरी येतात आणि पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राहतो. उन्हाळ्यात वाळलेल्या झुडपाला तो पावसाळा दिल्याशिवाय मृत ठरवणे घाईचे आहे.

फांदीनंतर मुळे पाहायची. बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने माती अलगद बाजूला केली की तंतुमुळे हाती लागतात. पांढरट, टणक मुळे म्हणजे आशा आहे. तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाची आणि साल हातात निघून येणारी मुळे म्हणजे कूज आहे. ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि त्यामुळेच बागकामातली सर्वांत महागडी चूक वारंवार घडते. पाणी कमी पडलेले झुडूप आणि पाणी जास्त झालेले झुडूप वरून सारखेच दिसते. दोन्हींची पाने मलूल होतात. पाणी साचले की मातीतल्या पोकळ्यांतली हवा जाते, मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. माती ओली असताना झाड सुकते ते यामुळे. पाहणारा सुकलेली पाने पाहतो आणि आणखी एक बादली ओततो.

के. आर. पुरममध्ये हा धोका पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२२ च्या पावसात महादेवपुरा विभागातल्या वसाहती पाण्याखाली गेल्या, मे २०२५ मध्ये होरमावूजवळच्या साई लेआउटमध्ये घरांत पाणी शिरले. तलाव आणि त्यांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे मोठे ओढे, बुजवून किंवा अरुंद करून वसलेल्या भागांत पाण्याला बाहेर पडायला वाट उरलेली नाही. अशा ठिकाणी पावसाळ्यानंतर सुकणाऱ्या झुडपाला खत, औषध, पाणी यांपैकी काहीही देण्याआधी पाण्याचा निचरा करून द्यावा लागतो. चर काढणे, वाफा वीतभर उंच करणे, कुंडीच्या तळाचे बुजलेले भोक मोकळे करणे, एवढ्यावर बरीच झाडे सावरतात.

आता जागेच्या दुखण्याकडे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण या भागातली निम्मी उत्तरे तिथे आहेत. बंगळुरूची मूळ माती तांबडी, लोहयुक्त, बहुधा किंचित आम्लधर्मी. एक्झोरा, अनंत, जास्वंद यांना ती मानवते. पण ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर चार मजली घर उभे राहते तेव्हा कडेला उरलेल्या दोनतीन फुटांच्या पट्टीत मूळ माती क्वचितच शिल्लक असते. तिथे सिमेंटचे तुकडे, चुना, विटांचा भुगा, प्लास्टरची खरवड असा बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो आणि वर चार इंच लाल माती पसरलेली असते. चुन्यामुळे मातीचा सामू चढतो आणि लोह जमिनीत असूनही झाडाला मिळेनासे होते. एक्झोऱ्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती खूण याचीच आहे. पिवळेपणा आधी जुन्या पानांवर आला असेल तर कारण वेगळे असते, बहुधा नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमतरता. कोणते पान आधी पिवळे झाले एवढे नीट पाहिले तरी अर्धे निदान होते.

लोहाच्या कमतरतेवर फेरस सल्फेटची फवारणी करतात. लिटरला पाच ग्रॅम आणि त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल हे नेहमीचे प्रमाण आहे. चिलेटेड लोहही मिळते. मात्र बाजारात सहज मिळणारा ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही, तिथे ईडीडीएचए प्रकार लागतो. फवारणीने पाने महिन्याभरात हिरवी होतील. राडारोडा मात्र जागच्या जागी राहील. खड्डा दीडदोन फूट खोदून भराव काढला आणि माती-कंपोस्ट भरले तरच उपाय टिकतो. तसे न करता पिवळा एक्झोरा उपटून तिथेच दुसरा एक्झोरा लावणारा माणूस दोन वर्षांनी पुन्हा त्याच खड्ड्यापाशी उभा असतो.

पाण्याचेही तसेच. कूपनलिकेचे पाणी जड असते म्हणून अनेक इमारतींत सॉफ्टनर बसवलेले आहेत. मिठावर चालणारी ही यंत्रे पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतात. नळावर पांढरा थर बसत नाही, पण तेच पाणी वर्षभर कुंडीत गेले की माती घट्ट होते, पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी होतात आणि अनंतासारखे नाजूक झुडूप हळूहळू संपते. मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी शुद्ध करून बागेला दिले जाते. पाणीटंचाईच्या शहरात हे योग्यच आहे, पण त्यातही क्षार साठत जातात. बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या वाहिनीवरून घेणे, गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवणे, आणि पावसाळ्यात कुंड्या आडोशाला न ठेवता उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ देणे, हे तीन उपाय कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त झाडे वाचवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराच्या वेशीवरच्या ११० गावांसाठी दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाण्याची सोय झाली. या पट्ट्यातल्या ज्या घरांत नदीचे पाणी पोचले आहे तिथे पिण्याची ओढाताण कमी झाली, बागेला मात्र कूपनलिका आणि पुनर्वापराचेच पाणी वापरावे लागणार आहे.

तिसरी गोष्ट उजेडाची. जास्वंद आणि गुलाबाला रोज पाचसहा तास थेट ऊन लागते. शेजारचा प्लॉट रिकामा असताना बहरलेली जास्वंद तिथे इमारत उभी राहिल्यावर लांबुळकी होते, कळ्या धरत नाही, रोगाला बळी पडते. अशा झुडपाला औषधाची गरज नसते. ते गच्चीवर किंवा पूर्वेकडच्या बाजूला हलवावे. हलवण्याआधी एक तृतीयांश पसारा छाटून, मुळांभोवती मातीचा गड्डा राखून, पाऊस सुरू झाल्यावर हे केले तर मध्यम वयाची झुडपे बहुधा तग धरतात. मोकळ्या झालेल्या सावलीच्या जागी सावली सोसणारे काहीतरी लावावे.

किडीच्या बाबतीत बंगळुरूशी निगडित एक मोठी, सांगण्यासारखी घटना आहे. २००८ मध्ये कोइम्बतूर परिसरात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. मध्य अमेरिकेकडून आलेली ही कीड दोनतीन वर्षांत तमिळनाडू, कर्नाटक, केरळ आणि महाराष्ट्रात पसरली. पपईबरोबर तुती, टॅपिओका आणि घरोघरची जास्वंदही तिने व्यापली. पांढऱ्या कापसासारख्या थराने फांद्या झाकल्या जायच्या, शेंडे मुरडायचे. औषधे मारून उपयोग होईना, कारण मेणाच्या आवरणामुळे फवारा किडीपर्यंत पोचत नव्हता, आणि तिला खाणारे मित्रकीटक तेवढे मरत होते. शेतकऱ्यांनी बागाच्या बागा उपटल्या. हेब्बाळच्या, आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या बारीक परोपजीवी माश्या आणल्या. त्यातली अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही जात सर्वांत यशस्वी ठरली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. या माश्या सोडल्यावर काही महिन्यांतच प्रादुर्भाव ओसरू लागला, आणि न उपटलेली झाडे नव्या पालवीने उभी राहिली.

असाच अनुभव जगाच्या दुसऱ्या टोकाला आला होता. १९९४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण शिरला. तिथल्या घरांची कुंपणे जास्वंदीची. सुरुवातीला सरकारने झाडे तोडून जाळण्याची मोहीम काढली, औषधे मारली, आणि कीड पसरतच राहिली. पुढे परोपजीवी माश्या आणि भक्षक ढालकिडे आणून सोडले तेव्हा ती आटोक्यात आली. जाळलेली कुंपणे मात्र गेलीच.

म्हणून पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड हे एकट्याने झुडूप काढण्याचे कारण ठरत नाही. सर्वांत बरबटलेली टोके कापून पिशवीत बंद करावीत, उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्यात, लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणपाणी आठवड्याच्या अंतराने द्यावे. मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्या गोड चिकट्यासाठी या किडीचे रक्षण करतात आणि तिला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. पांढऱ्या मेणाच्या झालरी असलेली मोठी, चपळ अळी किडीत फिरताना दिसली तर फवारणी थांबवावी. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते आणि पिठ्या ढेकूण हेच तिचे खाद्य. दिसायला पिठ्या ढेकणासारखीच असल्याने बरेच लोक तिलाच आधी मारतात.

जिथे काढणेच योग्य आहे, ती प्रकरणे वेगळी. ती ओळखायला महाराष्ट्रातल्या डाळिंब बागायतदारांकडून शिकण्यासारखे आहे, कारण डाळिंब हे मुळात झुडूपच आणि ठेवावे की काढावे हा त्यांच्यासाठी पोटाचा प्रश्न. सोलापूर, सांगोला, मालेगाव, सटाणा या पट्ट्यात तेल्या रोगाने या शतकाच्या पहिल्या दशकात हाहाकार केला. जिवाणूमुळे होणारा हा रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो आणि रोगट झाडावर बांधलेल्या गुटीतून नव्या बागेत जातो. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले ते याच काळात. तेल्यात झाड राखता येते: रोगट फांद्या छाटायच्या, पडलेली पाने-फळे गोळा करून जाळायची, कात्री झाडागणिक निर्जंतुक करायची, बहार बदलायचा. मर रोगाचे तसे नाही. त्यात एखादी फांदी पिवळी पडते, मग पूर्ण झाड वाळते, आणि खोड आडवे कापले तर आत तपकिरी-करडे पट्टे दिसतात. ही बुरशी मुळांतून शेजारच्या झाडात जाते. इथे बागायतदार झाड मुळासकट काढतो, बागेतून फरफटत न नेता जागेवरच तोडून बाहेर नेऊन जाळतो, आणि आजूबाजूच्या झाडांच्या मुळांशी औषधाची आळवणी करतो. एक झाड सोडायचे ते बाकीच्यांसाठी. सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्यामुळे अख्ख्या बागा काढल्या, तेव्हाही हाच हिशेब होता.

अंगणात या हिशेबाला तीनचार दुखणी उतरतात. मुळांवर मण्यांसारख्या गाठी करणारे सूत्रकृमी हे पहिले. अनंत, मोगरा, जास्वंद आणि विशेषतः अबोली त्यांना बळी पडतात. अबोलीची मर बहुतेकदा सूत्रकृमी आणि बुरशी यांच्या संगनमताने होते. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का अंबारा, अर्का कनक यांसारख्या अबोलीच्या जाती दिल्या आहेत, पण बाधित मातीत कोणतेही रोप लावण्याआधी ती माती दुरुस्त करावी लागते. गाठी थोड्या असतील तर निंबोळी पेंड आणि कंपोस्ट देऊन झुडूप काही वर्षे चालवता येते. मुळांचा गुच्छच गाठींचा झाला असेल तर ते काढावे, उन्हाळ्यात ती माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवावी आणि एक हंगाम तिथे झेंडू लावावा.

विषाणू हे दुसरे. जास्वंदीची पाने वाटीसारखी वळली, शिरा जाड झाल्या, नवी पाने बारीक आणि विचित्र येऊ लागली, आणि पांढरी माशी भोवती असली, तर तो पर्णकोकडा असू शकतो. विषाणूवर औषध नाही. शेजारी भेंडी, मिरची, टोमॅटो लावणाऱ्या गच्चीवर असे झुडूप ठेवण्यात शहाणपण नाही. बुंध्याभोवती सालीची पूर्ण कड कुजली असेल, किंवा वाळवीने खोड आतून पोकळ केले असेल, तर तिथेही वेळ घालवू नये.

बाधित झाडे काढायला उशीर करण्याची युरोपने अलीकडे फार मोठी किंमत मोजली. २०१३ मध्ये इटलीच्या पुलिया प्रांतात झायलेला नावाचा जिवाणू ऑलिव्हमध्ये सापडला. तो कण्हेरीतही राहतो आणि रस पिणाऱ्या किडींमार्फत पसरतो. बाधित झाडे आणि त्यांच्या भोवतालची झाडे काढा असा आग्रह युरोपीय संघाने धरला, पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे तोडायला लोकांनी विरोध केला, २०१५ च्या अखेरीस न्यायसंस्थेच्या हस्तक्षेपाने तोड थांबली. त्या माणसांचे दुःख खरे होते. जिवाणू तोवर उत्तरेकडे सरकला आणि लाखो झाडे वाळली.

जे झुडूप ठेवायचे ठरले त्याची छाटणी कशी करायची, हे त्याच्या जातीवर अवलंबून असते. मराठी मुलखात छाटणीची भीती असण्याचे खरे तर कारण नाही. नाशिक आणि तासगावचे द्राक्षबागायतदार दर एप्रिलला खरड छाटणी करतात, वेल नागवी करतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्याच वेलीवर घड लगडतात. दक्षिणेत मोगरा नोव्हेंबरच्या अखेरीस जमिनीपासून हातभर उंचीवर छाटून पाने काढतात आणि जुई जानेवारीच्या अखेरीस छाटतात, ते पुढच्या बहरासाठीच. जास्वंद, तगर, एक्झोरा, कण्हेर, बोगनवेल, कामिनी, मेंदी ही सगळी जुन्या लाकडातून फुटतात. झुडूप फार अशक्त असेल तर सगळे एकदम न छाटता दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या बुंध्यापासून काढाव्यात, तीन वर्षांत ते नवे होते.

मोरपंखीला मात्र हा नियम लावू नये. तिची हिरवाई बाहेरच्या थरात असते आणि आतल्या तपकिरी लाकडातून सहसा काही फुटत नाही. एका बाजूने वाळलेली मोरपंखी पुन्हा भरून येत नाही, ती काढलेलीच बरी. रोझमेरी आणि लॅव्हेंडरही उघड्या जुन्या लाकडातून क्वचितच फुटतात.

गुलाबाचे निदान दोन पायऱ्यांत होते. छाटलेल्या टोकाकडून काळेपणा खाली उतरत असेल तर काळ्या भागाच्या दोन इंच खाली, निरोगी हिरव्यात काप घेऊन बोर्डो पेस्ट लावावी. द्राक्ष-डाळिंबवाल्या घरांत चुना आणि मोरचूद यांचे हे मिश्रण सर्वांना ठाऊक असते. दुसरे, नवा फुटवा कलमाच्या गाठीच्या वरून आला आहे की खालून, हे पाहावे. वरचा डोळा मरून फक्त खुंट फुटला असेल तर झाड हिरवेगार दिसेल, पण ज्या फुलासाठी गुलाब लावला ते फूल आता त्याला येणार नाही. असा गुलाब काढताना एक पथ्य आहे: जुन्या गुलाबाच्या जागी लगेच नवा गुलाब लावला तर तो बहुधा खुरटतो. ती माती बदलावी किंवा तिथे दुसऱ्या कुळातले झुडूप लावावे.

तुळशीपाशी प्रश्न श्रद्धेचा होतो. तुळस हे अल्पायुषी झुडूप आहे. दोनतीन वर्षांत खोड लाकडी होते, पाने विरळ होतात. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर आयुष्य वाढते, थांबत नाही. वाळलेली तुळस पाहून घरात अशुभाची शंका घेण्याचे काही कारण नाही. परंपरेनेच तिच्या काष्ठाच्या माळा करण्याची रीत दिली आहे, आणि तिचेच बी पेरून वृंदावनात नवे रोप वाढवता येते. वृंदावनातली वर्षानुवर्षांची घट्ट, क्षार साठलेली माती तेवढी प्रत्येक नव्या रोपाबरोबर बदलावी. बहुतेक ठिकाणी नवी तुळस मरते ती त्या मातीमुळे.

सांगलीच्या त्या मोगऱ्यासाठीही वाट आहे. झुडूप वाचणार नाही असे दिसताच, ते पूर्ण वाळायच्या आत, निरोगी फांदीवर गुटी बांधावी किंवा पावसाळ्यात पेन्सिलएवढ्या जाडीच्या काड्या छाट कलमासाठी लावाव्यात. काडीतून वाढलेला मोगरा हा तोच मोगरा असतो. जागा बिघडली म्हणून मरणारे झुडूप असे नव्या जागी नेता येते. रोग विषाणूचा किंवा जिवाणूचा असेल तर मात्र काडी घेऊ नये, डाळिंबाचा तेल्या गुटीतूनच गावोगाव गेला होता.

काढतानाच्या दोनतीन गोष्टी थोडक्यात. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, त्यांच्या फांद्या जाळू नयेत, गुरांपुढे टाकू नयेत, हातमोजे घालावेत. कुंपणात आपोआप उगवलेली घाणेरी आजारी असो वा नसो, काढावी. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने बंडीपूरसारखी जंगले व्यापली आहेत. आणि ज्या झुडपाचे झाड झाले आहे, म्हणजे जुना पारिजातक किंवा चाफा, त्याला हात लावण्याआधी कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ चा कायदा लागू होतो. स्वतःच्या कुंपणातल्या झाडासाठीही पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

उपटलेल्या झुडपाची मुळे नीट पाहण्याची सवय लागायला हवी. कितीतरी वेळा रोपवाटिकेतली काळी पिशवी तशीच बुंध्याभोवती सापडते, किंवा कुंडीत वाढताना गोल गोल फिरलेली मुळे जमिनीत गेल्यावरही बाहेर न पसरता एकमेकांना आवळत राहिलेली दिसतात. ज्या झुडपाला पाच वर्षे खत घातले, औषध मारले, ते लावल्या दिवसापासून बांधलेले होते. नवे रोप घेताना ते पिशवीतून बाहेर काढून मुळे पाहावीत, गोल फिरलेली मुळे सोडवावीत किंवा बाजूने छेद द्यावेत, आणि बुंधा रोपवाटिकेत होता त्याच पातळीवर ठेवावा.

के. आर. पुरम, होरमावू, व्हाइटफील्ड या भागांतल्या मराठी घरांना एवढेच सांगणे आहे: या वर्षी एखादे झुडूप काढायचे मनात असेल तर आधी त्याच्या मुळांजवळची मूठभर माती आणि बागेच्या नळाचे बाटलीभर पाणी तपासून घ्या. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात आणि हेसरघट्ट्याच्या संस्थेत माती-पाण्याचे जाणकार आहेत, महाराष्ट्रात हे काम जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे करतात. अहवालात सामू आणि क्षारांचे आकडे चढे आले तर खर्च मातीवर करा आणि झुडपाला ऑक्टोबरपर्यंत मुदत द्या. आकडे ठीक आले आणि मुळे गाठींची किंवा खोड आतून तपकिरी निघाले, तर वाट न पाहता ते काढा.